बेचाळिसावं वाचन

४ मार्च
नोकरी लागली! पन्नाशीच्या बाईला, तीही पदवीशिवाय. हे गेल्यावर ह्यांच्या कपाटातली संगणकाची पुस्तकं वाचत बसले; दुःख हललं नाही, पण विद्या पदरात पडली. कारखाना रुग्णाच्या उशाशी ठेवायची नाडीयंत्रं बनवतो. मी ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम वाचून तपासायचा, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाष्या. बोटाला लावायच्या चिमट्याकडून तो नाडीचा आकडा घेतो, पडद्याला देतो. ‘वाचन फसलं’ अशी खूण आली, तर पडदा कोरा करून भोंगा वाजवायचा. प्रत्येक वाचनाला ही तपासणी आहे ना, एवढंच बघायचं. खिडकीजवळची खुर्ची मिळाली.

९ मार्च
साहेबांनी एक यंत्र घरी वापरायला दिलं. सासूबाईंचं हृदय अशक्त. मी कामावर असताना नणंद आकड्यावर लक्ष ठेवील. सासूबाई म्हणाल्या, सून कमावती झाली आणि पहिली वेसण मला घातली. खूप हसलो.

१२ मार्च
ड्रायव्हरमध्ये आकडा घ्यायच्या बेचाळीस जागा, म्हणजे बेचाळीस वाचनं. एक्केचाळीस तपासलेली. शेवटचं नाही. तिथे वाचन फसलं, तर मागचाच आकडा पुन्हा पडद्यावर जातो. भोंगा नाही. साहेब म्हणाले, बाई, एक राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पुढच्या महिन्यात बघू. म्हटलं, त्यांना जास्त कळतं.

१३ मार्च, सकाळ
राहवेना. टेबलावरच्या यंत्राचा चिमटा बोटाला लावला, मग चिमट्याची तार उपटली. ८१. तासाभराने पाहिलं. ८१ —
दवाखान्यात ह्यांच्या उशाशी ह्याच कारखान्याचं यंत्र होतं. आकडा चांगला आहे म्हणून मी खाली चहाला गेले होते. परत आले तेव्हाही चांगलाच होता.

दुपार
घरी फोन केला. नणंद म्हणाली, वहिनी, उगाच जीव टांगणीला लावू नका, सकाळपासून शहात्तर आहे, जरासुद्धा हललेला नाही. आई गाढ झोपल्यात.
जिवंत माणसाचा आकडा एका जागी बसत नाही. निघाले —

घरी
नणंद डॉक्टरांना आणायला धावली. चिमटा सासूबाईंच्या बोटातून काढला. ७६. माझ्या बोटाला लावला. ७६. टेबलाच्या कडेला — ७६.
पांघरूण हलतंय. पंखाही चालू आहे.
हात लावला की कळेल, म्हणून लिहीत बसलेय. नाही — धरते मनगट.
गार. त्यांचे हात नेहमीच —
बोटांखाली ठोका लागतोय. त्यांचा, की माझ्याच बोटांत —