शेजारच्या सीटचा ब्रेक

शनिवार, २

आज मुलीने मला माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलमधून बाहेर काढलं. तिच्या मते बाहेर काढलं नाही, सुट्टीवर पाठवलं. कारण काय, तर बँकेतली ती शिकाऊ बाई परवा ऐन चौकात इंजिन बंद करून, दार उघडं टाकून, रडत रडत घरी चालत गेली. मी तिला फक्त समजावत होतो. मागून हॉर्न वाजत होते म्हणून आवाज थोडा चढवावा लागला, एवढंच. आता ती बाई मुलीकडे शिकणार म्हणे. शिकली म्हणजे मिळवली.

मुलीची अट अशी. सात दिवस कालव्याकाठच्या सायकलच्या रस्त्याने फिरून यायचं. तिथे मोटार नाही, स्कूटर नाही, सिग्नल नाही, म्हणजे भांडायला कोणी नाही. सात दिवस भांडण न करता काढले तर शेजारची सीट मला परत. ती सीट आणि तिच्यापुढचा माझा जादा ब्रेक. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि सगळ्यांचा जीव माझ्या उजव्या पायाखाली. सव्वीस वर्षांत हा पाय एकदाही चुकलेला नाही.

साक्षीदार म्हणून ही बरोबर येणार. बायकोच साक्षीदार म्हटल्यावर निकाल लागल्यातच जमा.

उद्यापासून पहाटे उठून व्यायाम.

रविवार, ३

व्यायाम झाला नाही. वरच्या मजल्यावरच्याने स्कूटर गेटसमोर आडवी लावली होती. त्याला समजावण्यात तास गेला. हे धरायचं नाही, अट उद्यापासून लागू आहे.

ही म्हणाली, सायकलचा थोडा सराव करा. तिने स्वतः गेले पंधरा दिवस बागेत सराव केला म्हणे. मला पत्ताही नाही. मला सरावाची गरज नाही. मी रस्त्याचा माणूस आहे. हिला मात्र सांभाळून न्यावं लागेल. पूर्वी एकदा तिला गाडी शिकवायला घेतली होती, तर दुसऱ्याच दिवशी सोडून दिली. चिकाटी नाही बिचारीला.

सोमवार, ४. संध्याकाळ

पहिला दिवस उत्तम. भांडण नाही.

सकाळी सायकली भाड्याने देणाऱ्याने हँडलवरचे दोन ब्रेक दाखवले. मी विचारलं, पायात काहीच नाही? तर म्हणाला, काका, पायात पेडल आहे. ही बोलण्याची पद्धत? माणसाची सगळी ताकद पायात असते आणि हे ब्रेक देतात बोटांत. मी त्याला ब्रेकिंगचं शास्त्र समजावून सांगितलं. मागे रांग लागली. रांगेतल्या दोघांनाही समजावलं. दुकानदाराने शेवटी पैसे परत देऊ का असं विचारलं. ही मध्ये पडली नसती तर आमचा दौरा दुकानातच संपला असता, त्याच्या हेकटपणामुळे.

रस्त्याबद्दल काय लिहायचं? एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला शेतं. पुढे गेलं की पुन्हा तेच. चढ नाही, उतार नाही, वळण नाही. अशा रस्त्यावर माणसाने लक्ष ठेवायचं कशावर? ही दर पाच मिनिटांनी किती छान, किती छान करते. गाई चरत होत्या. एकीने मान वर करून बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला ते आवडलं नाही.

एक गृहस्थ चुकीच्या बाजूने बाबागाडी ढकलत येत होते. थांबवून समजावलं. बाळ रडायला लागलं. त्यात माझा दोष नाही, बाळं रडतातच.

बैठक प्रचंड दुखते. सीटची बनावट चुकीची आहे. माझी नाही, सायकलची.

मंगळवार, ५

आज त्या चौघी भेटल्या.

साठीच्या पुढच्या चार बायका, चौघींच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं, आणि चौघी शेजारी शेजारी. एका ओळीत नाही, आडव्या. पूर्ण रस्ता अडवून, गप्पा मारत, हातवारे करत. एक तर दोन्ही हात सोडून काहीतरी किस्सा सांगत होती. माझं रक्त उसळलं, पण संकल्प आठवला. मी शांतपणे घंटी वाजवली. मग पुन्हा वाजवली. मग दहाएक मिनिटं वाजवली. त्या बाजूला झाल्या. पण मला पुढे जायचंच नव्हतं. मला त्यांना एका ओळीत बघायचं होतं.

थांबवून समजावलं. बोटाने जमिनीवर आकृती काढून दाखवली. चौघींपैकी जी निवृत्त नर्स आहे तिने विचारलं, समोरून कोण येणार आहे हो? मी म्हटलं, प्रश्न कोण येणार हा नसून शिस्तीचा आहे. तर ती हिच्याकडे वळून म्हणाली, तुम्ही येता का आमच्यात? माझ्यादेखत.

ही थोडा वेळ त्यांच्याबरोबर गेली. मागून बघितलं, तर आता पाच आडव्या.

वाटेत एका दुकानातून रबरी भोंगा घेतला. घंटीचा धाक उरलेला नाही.

बुधवार, ६

आज पाणथळ जागा लागली. चिखल, गवत, डबकी आणि पक्षी. लोक हे बघायला लांबून येतात. लाकडी फळ्यांच्या अरुंद वाटेवर एक दुर्बीणवाला रस्त्याच्या मधोमध दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं लावून उभा होता. पार्किंग लाइट नाही, त्रिकोण नाही, काही नाही. मी नियमाप्रमाणे भोंगा वाजवला.

एवढे पक्षी एका वेळी उडताना मी तरी कधी बघितले नव्हते. आभाळ काळं झालं. खरं तर त्या माणसाने माझे आभार मानायला हवे होते, कारण तो पक्षी बघायलाच आला होता ना? पण तो पहाटेपासून एकाच पक्ष्याची वाट बघत होता म्हणे. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मोठी माणसंसुद्धा हल्ली पटकन रडतात. मी समजावायला गेलो तेव्हा तिथली रखवालदारीण आली आणि शांतता क्षेत्र असल्याचं सांगून माझा भोंगा काढून घेतला. तिच्या स्वतःच्या सायकलला मागचा दिवा नव्हता. तिच्या वरिष्ठांना मी लिहिणार आहे.

जेवताना ही ताट अर्धं टाकून उठली. दमली असणार. नंतर लॉजच्या जिन्यात उभी राहून मुलीला फोन करत होती. मला एवढंच ऐकू आलं, “नाही गं, आजही.” म्हणजे आजही भांडण नाही. साक्षीदार खंबीर आहे.

गुरुवार, ७

सकाळी उठलो तर ही त्याच लॉजवर उतरलेल्या त्या चौघींबरोबर पुढे निघून गेलेली. उशीवर चिठ्ठीसुद्धा नाही. लॉजवालीकडे निरोप होता: पुढच्या मुक्कामी भेटू, सावकाश या. सावकाश हा शब्द मला सांगते.

एकट्याने प्रवास. मधे बराच वेळ काहीच झालं नाही. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं, माझ्या सायकलच्या चेनचा तेवढा आवाज. पाय आपोआप फिरत होते. मन एकदम हलकं झालं आणि मी घाबरलो. काहीतरी बिघडलंय असं वाटून उतरलो, दोन्ही टायर तपासले. टायर ठीक होते.

पुढे बदकांनी वाट अडवली. आई आणि तिची पिल्लावळ, मनाला येईल तशी बसलेली. मी त्यांना एका ओळीत आणायचा प्रयत्न केला. सोपं नाही, पण तत्त्व म्हणून सोडलं नाही. एक जोडपं तिथे थांबून मोबाइलवर माझं चित्रण करत होतं. चांगलं आहे, लोकांना शिस्तीचं महत्त्व कळेल.

मुक्कामी पोचलो तेव्हा ही आणि त्या चौघी ओट्यावर बसून खोखो हसत होत्या. मला बघून थांबल्या. मला चौघींनी ‘हवालदार’ असं नाव ठेवलंय हे नर्सबाईंच्या तोंडून निसटलं. वाईट वाटलं नाही. हवालदाराला मान असतो.

मनात हिशोब केला. सात दिवसांची अट, पण चार दिवसांतच माझ्यातला फरक कोणालाही दिसावा. आल्यावर सीट थोडी मागे सरकवून घेईन. मुलगी पाय आखडून बसते.

शुक्रवार, ८. दुपार. अंगावर लॉजवाल्याचे कपडे

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको.

कालव्याच्या काठाने त्या पाच जणी पुढे, आडव्याच. मी मागे, योग्य अंतर ठेवून. एकदम दिसलं की वाटेच्या मधोमध लोखंडी खांब आहे, गाड्या आत येऊ नयेत म्हणून पुरलेला. ही पाच जणींच्या मधे होती, मान मागे वळवून हसत होती, आणि खांब तिच्या सरळ समोर. मी ओरडलो, ब्रेक. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय पूर्ण दाबला.

सायकल उसळून पुढे गेली. मी आणखी दाबला. ती आणखी सुटली. आयुष्यात पहिल्यांदा या पायाने माझं ऐकलं नाही. ओरडणं ऐकून हिने पुढे बघितलं, हँडल जरासं वळवलं आणि खांब टाळून निघून गेली, जणू रोजच टाळते. माझ्यासाठी चौघी दोन बाजूंना फाकल्या. मी त्यांच्या मधून, खांबाला घासून, कालव्यात.

पाणी कमरेएवढं होतं. चिखल वेगळा. तिथे उभा राहून मी त्यांना समजावलं की एका ओळीत चालला असता तर ही वेळ आली नसती. मग त्यांनी हात देऊन मला वर काढलं. नर्सबाईंनी माझा गुडघा पुसला, पट्टी बांधली. त्यांचा हात हलका आहे.

ही खाली बसून माझ्या सायकलकडे बघत होती. मग विचारलं, कुठे दाबत होतात? मी पेडल दाखवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“अहो, तिथे ब्रेक नसतो,” ती म्हणाली. “तिथे पाय फिरवायचे असतात. तेवढंच करायचं होतं तुम्ही.”

मग तिने मुलीला फोन केला. माझ्यासमोर, मोठ्याने. तेव्हा कळलं की जिन्यातल्या त्या ‘आजही’चा अर्थ वेगळा होता.

शनिवार, ९

मुलगी न्यायला आली. ही आली नाही. तिने मला फाटकापर्यंत सोडलं, गुडघ्याला जपा म्हणाली आणि उरलेले दोन दिवस चौघींबरोबर पुरे करायला निघाली. पाठमोरी बघितली. सरळ बसते सायकलवर. हे मला कधी दिसलं नव्हतं.

स्कूलचीच गाडी होती. मी सवयीने शेजारचं दार उघडलं.

“बाबा, मागे बसा,” मुलगी म्हणाली.

स्टिअरिंगवर बँकेतली बाई. तीच. मला नमस्कार केला. मी म्हटलं, आरसा बघा आधी. तिने बघितलेला होता.

मागच्या सीटवरून आपलीच गाडी वेगळी दिसते. वाटेत बाजार लागला, एक ट्रक आडवा आला, मग शाळा सुटली. मुलगी खिडकीबाहेर बघत तिच्याशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. तिचा पाय माझ्या ब्रेकवर नव्हताच. मांडी घालून बसली होती. बोलता बोलता तिने सांगितलं की आई पुढच्या महिन्यापासून गाडी शिकायला येणार आहे, सकाळी सातला, मुलीकडेच. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, तुम्ही ऑफिसात बसा, फोन घ्या. मग म्हणाली, फोनसुद्धा नको, राहू दे.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

आपला चौक आला. ऐन गर्दीची वेळ, चहूबाजूंनी हॉर्न. बाईंनी क्लच दाबला, गिअर बदलला, एका म्हाताऱ्याला हाताने आधी जा म्हणून सांगितलं आणि मग वळण घेतलं.

मी घरापर्यंत उजवा पाय दाबून धरला होता. पायाखाली रबरी चटई होती. गाडी कुठेच अडली नाही.