गुडघ्यावरचा निळा डाग

मंगळवार, संध्याकाळ
कवठे येमाई

माझे रक्ताच्या कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षं झाली. रिपोर्ट चांगले येतात. घरात आता तो विषयही निघत नाही. मग सकाळी गुडघ्यावर निळा डाग दिसल्यावर मी एवढी का घाबरले?

काल शिरूरच्या एसटीत चढताना गुडघा आपटला होता, हे पक्कं आठवत होतं. तरी कॉलेजात तीनदा बाथरूममध्ये जाऊन डाग बघितला. आजाराची सुरुवात अशाच डागांनी झाली होती ना.

घरी आले तेव्हा आई भाजी निवडत होती. राहवलं नाही, दाखवला. तिनं अंगठ्यानं हळूच दाबलं.

"दुखतंय का?"

"हो."

"मग मार लागलाय. तवाचे डाग दुखत न्हवते."

"तुला अजून आठवतंय?"

आई खाली बघत म्हणाली, "आगं, तू आंघोळ करून आलीस का मी चोरून तुझे हातपाय बघती. रोज."

रोज! आणि मला वाटायचं, या घरात फक्त मीच भिते. तिला त्रास नको म्हणून मी गप्प, मला कळू नये म्हणून ती गप्प. मला रडू फुटलं. तिनं जवळ घेतलं.

"हितनं पुढं एकटीनं भ्यायचं न्हाई. मला हाक मार. दोघी मिळून भिऊ."

रडता रडता हसू आलं. तीही हसली.

खात्रीसाठी उद्या डॉक्टरांना फोन करायचाय. आई शेजारी बसणार आहे, बोलणार मी.