दोघांपुरता रस्सा

सेझिंब्रा, १४ ऑक्टोबर

प्रिय नोएमिया,

फोनवर तू दर रविवारी विचारतेस, "बाबा, जेवलात का?" मी हो म्हणतो आणि फोन ठेवतो. म्हणून आज लिहायला बसलो. माझं अक्षर लागलं नाही तर लक्झेंबर्गमध्ये कुणाकडून वाचून घेऊ नकोस, सावकाश तूच लाव.

खरं सांगायचं तर आई गेल्यापासून मी जेवतो म्हणजे पाव आणि डब्यातली तारली खातो. चूल पेटवली नव्हती. गुरुवारी बंदरावर वाम छान मिळाली, थोडी पाकटही घेतली आणि मनात आलं, आईसारखा मासळीचा रस्सा, तिची काल्देइरादा, करून बघावी. पण तिचा प्रेशर कुकर मला कधी उघडताही आला नाही. शेवटी शेजारच्या फेलिस्मिनाला हाक मारली. ती दारातच हसली. म्हणाली, "चाळीस वर्षं बोट हाकलीस, हर्मिनियो, आणि भांड्याला भितोस?"

तिनं हाताला धरून शिकवलं असं नाही, खुर्चीत बसून हुकूम सोडले. तळाला कांदा, त्यावर टोमॅटो, बटाटे, मग मासे, मग पुन्हा तेच थर. तमालपत्र, ऑलिव्ह तेल, पेलाभर पांढरी वाइन. मी पाणी घालायला गेलो तर ओरडली, "पाणी नको, मासळी आपलं पाणी सोडते. आणि ढवळायचं नाही, लगदा होईल." झाकणाची रिंग मी उलटी बसवली, तीही तिनंच काढून नीट लावली. वाफ सुरू झाली तसा मी मागे सरकलो. "सहा मिनिटं," ती म्हणाली, "मग गॅस बंद. वाफ आपणहून जाऊ दे, तोवर हात लावलास तर मासे छताला."

झाकण उघडलं आणि घरभर तोच, आईच्या स्वयंपाकाचा वास. बटाटे मऊ झाले होते, वाम अख्खी राहिली होती. दोन ताटल्या काढल्या, कारण शिकवणारीला उपाशी कसं पाठवायचं? पण फेलिस्मिना बसली नाही. शाल घेतली आणि दारात वळून एक वाक्य बोलली. मग मी एकटाच जेवलो. चव बरी होती, मीठ कमी पडलं होतं. दुसरी ताटली तशीच पालथी घालून ठेवली.

तिचं वाक्य असं होतं: "त्या मंगळवारी मी तिच्या उशाशी होते, हर्मिनियो. तुझ्या टेबलावर मला घास उतरायचा नाही."

पोरी, दफनाच्या दिवशी मी सगळ्या गल्लीसमोर तुला विचारलं, "आई मरत होती तेव्हा तू कुठे होतीस?" तू मान खाली घातलीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलीस. आता खरं ऐक. त्या मंगळवारी आई फेलिस्मिनासमोरच मला म्हणाली होती, "नोएमियाला बोलाव." मी म्हणालो, उद्या करतो फोन. बुधवारी तिनं पुन्हा विचारलं, गुरुवारी विचारलं नाही, नुसती बघत राहिली. तुला बोलावलं असतं तर ती जाणार हे मलाच मान्य करावं लागलं असतं, तेवढं धैर्य मला झालं नाही. शुक्रवारी ती गेली. ती असेपर्यंत तुला कळवलंच नाही कुणी, तर तू येणार कशी? माझी चूक तुझ्या गळ्यात बांधून मी सहा महिने मोकळा फिरलो. काल मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून मी हे सगळ्यांना सांगितलं. तुझी मावशी पाठ फिरवून निघून गेली, तिचं बरोबर आहे. आधी तुला सांगायला हवं होतं, तिथेही उशीरच केला. तू क्षमा कर असं मी म्हणत नाही. फक्त आईनं शेवटी तुझंच नाव घेतलं होतं, ते तुझं होतं आणि मी दाबून ठेवलं होतं. ते तुला पोचवतो आहे.

तुझाच,
बाबा