जास्तीचा वेढा

१२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद.

आठवतं का, मागच्या ओट्यावर बाबा आपल्याला जाळ्याची गाठ शिकवायचे? माझी पहिल्याच दिवशी जमली. तू डावखुरा, तुझी उलटी पडायची, आणि सुटेल या भीतीनं तू वर एक जास्तीचा वेढा द्यायचास. हा मासे धरणार आहे की चोर बांधणार आहे, असं विचारून बाबा हसायचे. पन्नाशी उलटली तरी तू तशीच गाठ मारतोस, हे मला ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी इथल्या किनाऱ्यावर एक डॉल्फिन येऊन पडली. मी, बेकरीवाला आणि शेजारच्या शिंपीणबाई, तिघांनी तिच्यावर ओल्या चादरी घातल्या. डोक्यावरचं श्वासाचं भोक सांभाळून बादल्या ओतत राहिलो. अगदी माणसासारखा सुस्कारा टाकत होती रे! शेपटीत जाळं इतकं रुतलं होतं की मी घरून शिवणाची कात्री आणून ते कापलं. पण प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

त्यांनी जाळ्याचा तुकडा मागितला. कुणाचं जाळं ते कळलं, तर उरलेलं शोधून काढता येईल म्हणाल्या. मी सांगून टाकलं, लाटेबरोबर गेला. तो माझ्या पिशवीत होता. जाळं कारखान्यातलं, पण डागडुजी हाताची. उलटी गाठ, वर एक वेढा.

खोटं बोललं की शाळेत सिस्टर कोपऱ्यात उभं करायच्या. गेले तीन दिवस मी आपणहून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी आहे.

मी रागावलेली नाही. वेळेवर जेवत जा आणि खरं काय ते लिही.

माया आहे, ती आहे तिथेच आहे.
तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मास्तरीणबाई, आधी वाटलं, जगात डावखुरे काय कमी आहेत, असं लिहून मोकळं व्हावं. पण तुझ्यापुढे माझ्या थापा कधी चालल्या?

गेल्या हंगामात जाळं पाण्याखालच्या खडकात अडकलं. ओढलं, निघेना, म्हणून कापून सोडलं. सगळेच सोडतात. घरी येऊन जेवलो आणि विसरलो. ते मात्र इतके महिने तिथे धरतच राहिलं.

तुझं पत्र तुझ्या भावजयीला दाखवलं. ती चप्पल घालून दारात उभी राहिली. मग काल दोन होड्या घेऊन गेलो. अख्खा दिवस गेला, हात सोलून निघाले, पण उरलेलं सगळं जाळं वर आलं. त्यात खेकडे, एक बूट आणि एक कासव. कासव जिवंत होतं. सोडताना ती रडली. मी रडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

तुकडा डॉक्टरीणबाईंना दे, माझा आहे असं सांगून दे. होडीचा परवाना गेला तर गेला. तू त्या कोपऱ्यातून बाहेर ये.

लोभ कमी करू नकोस, एवढंच मागणं.
तुझा ढब्बू

३ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

गेले, तुकडा टेबलावर ठेवला आणि आधी माझं खोटं कबूल केलं. डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षा माझ्यावरच जास्त चिडल्या. मग भिंग घेऊन बराच वेळ गाठ बघत बसल्या. प्रत्येक होडीची डागडुजी अशी ओळखू आली आणि जाळं कुठे सुटलं ते त्याच दिवशी कळवलं, तर ते वेळेत काढता येईल, असं म्हणाल्या. परवाना त्यांच्या हातात नाही. पण तू स्वतः जाळं काढलंस, हे त्या अहवालात लिहिणार आहेत. बाकी होडीवाल्यांना हे तूच समजाव. हसतील. बाबाही हसायचे.

आता नीट वाच. तुकडा डॉक्टरीणबाईंकडेच राहील. तू काढलेलं जाळं माझ्या जुन्या शाळेला दे, फुटबॉलच्या गोलाला त्यांना हवंच आहे. शिंपीणबाईंच्या चादरी मी धुऊन परत केल्या. बाबांची जाळं विणायची लाकडी सुई तुझ्या लेकीला. तीही डावखुरी आहे, तिला तुझा वेढा शिकव. आणि शिवणाची कात्री तुला. धार लावून पाठवतेय. होडीत हाताशी ठेव. पुढची कुणी अडकली, तर ती तुला श्वास चालू असताना सापडो.

तुझी ताई