जाड कव्हर, कमी पानं

३ फेब्रुवारी, सोमवार

मला वाटलं टोस्टर आणला! तसंच दिसतं — पांढरं खोकं, वर लांबट फट, बाजूला एक दिवा. म्हटलं, आपल्याकडे कोण खातंय टोस्ट? तर म्हणतो, "अगं, बाइंडिंगचं मशीन आहे. थर्मल!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. ज्या ऑफिसची लिफ्ट अडकली, तिथलं एक तरी भंगार आमच्या घरात येऊन अडकतं. आईंनी (सासूबाई म्हणवत नाही, आईच म्हणते) त्याचं नाव खटपट्या ठेवलंय ते उगाच नाही. पण आज मी फारशी ओरडले नाही. कारण त्यानं कशासाठी आणलं ते कळलं.

दत्तक देणाऱ्या संस्थेनं सांगितलंय, सगळे कागद एकत्र बांधून द्या, सुटी पानं नकोत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे झालं असतं काम. पण हा म्हणतो, "आपल्या बाळाची फाइल दुसऱ्याच्या हातची नको."

बाळ! अजून अर्ज नाही, कशाचा पत्ता नाही! आई आतून म्हणाल्या, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." हसलो तिघंही. मी जरा जास्तच हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

४ फेब्रुवारी

पहिला बळी — फ्रिजचं माहितीपुस्तक.

कव्हरच्या पाठीत आतून गोंदाची पट्टी असते. पानं नीट ठोकून त्या पट्टीवर टेकवायची, मशीनच्या फटीत उभी करायची. गोंद वितळतो, मशीन वाजतं. मग काढून थंड होऊ द्यायचं. एवढंच.

पण थंड होईपर्यंत कोण थांबतं! मी लगेच उघडलं. फ्रिज हातात आला, पान पान सुटून. "थंड होऊ दे की गं!" आणि आई, "हिचं म्हणजे पी हळद नि हो गोरी." सगळा दिवस दवाखान्याच्या काउंटरवर मीच लोकांना सांगते — बसा, थांबा, नंबर येईल. घरी आले की मला दम म्हणून निघत नाही.

६ फेब्रुवारी

वीजबिलं बांधली. आईंचे रक्ताचे रिपोर्ट बांधले. मिक्सरची गॅरंटी, तीही बांधली — एकच पान! सोडवलेल्या शब्दकोड्यांची आईंची कात्रणंही बांधायला घेतली, तर ती कव्हरातून भराभर खाली. आखूड पान गोंदापर्यंत पोचतच नाही. आता आई एकेक कात्रण मोठ्या कागदावर चिकटवत बसल्यात. मशीन त्यांनी जवळजवळ ताब्यातच घेतलंय. खटपट्याला विचारून वापरावं लागतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खरी फाइल. फोटो, पगाराचे दाखले, डॉक्टरांचं पत्र, शेजाऱ्यांचं पत्र, घराचा नकाशा (हा त्यानंच काढलाय, लिफ्टसकट). शेवटी प्रत्येकानं लिहायचं: मूल का हवं?

मी चार पानं लिहिली, फाडली. परत लिहिली. डॉक्टरांच्या सगळ्या फेऱ्या, ती सगळी वर्षं — ते कशाला सांगायचं? मूल त्याची भरपाई करायला थोडंच येणार आहे! शेवटी सरळ लिहिलं की मला आई व्हायचंय, खूप व्हायचंय. त्याला म्हटलं, दाखव तुझं. एकच ओळ: "आमच्या घरात आवाज कमी आहे." मेला, एवढं चांगलं लिहितो आणि सांगत नाही.

मग घोटाळा. मशीनसोबत आलेली कव्हरं सगळी जाड. आमचे कागद थोडे. आत नुसते डुगडुगत होते. बाजारात जाऊन बारीक कव्हर आणावं? छे! यानं मागे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला, ठोकला, घातला मशीनमध्ये. "बघ, कशी गच्च बसली!" बसली खरी. पण निम्मी फाइल कोरी! मी म्हटलं, त्यांना वाटेल वजन वाढवलंय. तर म्हणतो, मागपर्यंत कोण बघतं?

१० फेब्रुवारी

फाइल दिली. संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, वाचते आणि घरी येते. शनिवारी!

१२ फेब्रुवारी, बुधवार

घर घासतोय. गॅलरीतलं भंगार पलंगाखाली. पलंगाखालचं माळ्यावर.

आज आई एकदम म्हणाल्या, "शनिवारी मी लेकीकडे जाते." का? तर म्हणे, "मला दम लागतो, दोन गोळ्या सकाळी, तीन रात्री. त्या बाई बघतील आणि म्हणतील, हे आधीच एकीचं करतायत, लेकराचं कधी करणार? माझ्यापायी तुमचं अडायला नको." बॅग काढून ठेवली होती!

मला इतका राग आला! म्हटलं, तुम्ही नसलात तर ते आपलं घरच नाही, त्यांना दुसरंच घर दाखवल्यासारखं होईल. आणि नाकारलं तर नाकारू देत. मीच बॅग रिकामी केली. रडले, हो. त्यापण. खटपट्या आत आला, आमच्याकडे बघितलं आणि उलट्या पावली बाहेर जाऊन चहा टाकला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडम येऊन गेल्या. लगेच लिहायला बसलेय.

बारीक चणीच्या, शांत. सगळं घर बघितलं. माळा नाही बघितला, देवाची कृपा. मग खुर्चीत बसून फाइल उघडली आणि पान पान उलटत निघाल्या. त्याची ओळ वाचली, थांबल्या. पुढे कोरं पान. परत कोरं. परत कोरं. मी खटपट्याकडे बघते, तर हा पंख्याकडे बघतोय.

"हे काय आहे?"

मी म्हणणार होते की चुकून राहिलं. तेवढ्यात आई, "कव्हर जाड होतं हो, आणि कागद कमी. बसेना, म्हणून यानं कोरे भरले. लहानपणापासून असाच आहे. घड्याळ उघडलं की दोन स्क्रू जास्तीचे काढायचा, मग त्यांना जागा शोधत बसायचा."

मॅडम हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत! म्हणाल्या, "लोक फाइल फुगवायला काय काय भरतात. कोरं भरून खरं सांगणारे तुम्हीच!"

मग गंभीर झाल्या. "पण एक कागद राहिलाय. घरात तीन माणसं, आणि लिहिलंय दोघांनीच. आजींचं कुठाय?"

आजी! आमच्या आईंना आजी म्हणाल्या!

१६ फेब्रुवारी, रविवार

आईंनी सकाळी दार लावून लिहिलं. बाहेर आल्या त्या कागद छातीशी धरून.

मॅडम ठेवून गेल्या होत्या ती फाइल परत मशीनमध्ये घातली. गोंद मऊ झाला की पान काढता येतं, घालता येतं, हे मला आजच कळलं. खटपट्यानं एक कोरं पान ओढून काढलं, आईंचं मी घातलं. घालताना वाचलं. वाचणारच!

"मला पळता येत नाही. पण मला बसता येतं, आणि लहान मुलांजवळ बसायला हल्ली कोणाला वेळ नसतो. मला गोष्टी येतात. शब्दकोडी येतात. लेकरू रडलं तर मी घाबरत नाही. वय बघून नाही म्हणू नका."

खाली सही. अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरात.

मशीन वाजलं. मी हात पुढे केला, तर आईंनी मनगटावर चापट मारली. खुर्ची ओढून फाइलीसमोर बसल्या, पहारा दिल्यासारख्या. "थंड होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." नाही लावला!

१७ फेब्रुवारी

फाइल परत पोचवली. दवाखान्यात दोन पेशंटांची नावं चुकवली.

२८ फेब्रुवारी

फोन नाही.

११ मार्च, मंगळवार

मंजूर! मंजूर!! मॅडमचा फोन. आमचं नाव यादीत! खटपट्या दुसऱ्याच कोणाच्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात होता, तिथून ओरडला, वरचे लोक घाबरले म्हणे. आता फक्त वाट बघायची. वर्षही लागेल, दोनही. लागू दे! आईंनी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय. काही विचारलं तर म्हणतात, "धूळ झाली होती."

२ जून

कोपऱ्यातली खोली पिवळी रंगवली. रंग मी निवडला. फारच पिवळा झाला. आईंना आवडला, म्हणजे तसं त्या म्हणाल्या.

१९ सप्टेंबर

फोन आला. मुलगी आहे! सहा वर्षांची. फोटो बघितला — पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड भरून हसते. मॅडम म्हणाल्या, पण अर्ज तुम्ही एकाचा केलाय, म्हणून आधी विचारते. तिला तुमच्याबद्दल सांगितलं, तर तिनं एकच विचारलं: "आणि माझा धाकटा?"

धाकटा तीन वर्षांचा आहे.

मॅडम म्हणाल्या, सावकाश विचार करा, उद्या सांगा. फोन स्पीकरवर होता. आमच्या आधी आईच ओरडल्या — "सांगा तिला, तोपण येतोय!"