चुड्याची वीज

सर, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. हे वाचून आता तुमच्या कपाळावर आठीसुद्धा पडणार नाही, याचंच मला वाईट वाटतं.

हातखंब्याच्या रस्त्यावरचा आपला आंबा कॅनिंगचा कारखाना. अख्ख्या ऑफिसात गारवा फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत, चपला दाराबाहेर. ते मशीन चालवता येणारी माणसं दोनच, तुम्ही आणि तुम्ही शिकवलेली मी. माझं नवीन लग्न झालेलं, हात भरून हिरवा चुडा, पण त्या खुर्चीत बसले की मला सासर-माहेर काही आठवत नसे. मेमरी कमी पडून मशीन अडायला लागलं तेव्हा मुंबईहून नव्या चिप्स आल्या, आणि तुम्ही त्या दसऱ्यापर्यंत कपाटात ठेवल्यात. मुहूर्ताशिवाय झाकण उघडायचं नाही म्हणालात.

दसऱ्याला झाकण निघालं. चिप्स ताम्हणात मांडल्यात, मशीनच्या उघड्या पोटात कुंकवाने ओल्या अक्षता मूठभर टाकल्यात, मालकांनी हात जोडले. मग तुम्ही एकेक चिप दाबून बसवताय आणि शेवटची माझ्या हातात देताय. "दोन्ही अंगठ्यांनी, सारखा दाब दे गो. चिपचे पाय वाकता कामा नयेत हां." मी बसवते. तुम्ही बटण दाबता, आणि पडदा काळा तो काळाच. मशीन नुसतं पिपाणीसारखं वाजतंय. मालक तुमच्याकडे बघतात आणि तुम्ही माझ्या मनगटांकडे.

"चुड्याची वीज लागली हो," तुम्ही मालकांना म्हणालात. "हिनं हात लावलान आणि घोळ झाला. बाईमाणसाला इथं बसवायलाच नको होतं."

"मग हिला लेबलांवर घाला," मालक म्हणाले. झालं!

काचेच्या बांगड्यांत कसली आलीय वीज? तुम्हालाही ते ठाऊक होतं. तुम्ही स्विच फिरवून नवी मेमरी बंद केलीत, जुनीवरच मशीन रेटलंत, आणि मी काचेपलीकडे डब्यांवर लेबलं चिकटवत तुमच्या पाठीकडे बघत राहिले. माझं काम, माझी खुर्ची, सगळं एका वाक्यात घालवलंत. घरी सासूबाई म्हणाल्या, "बरा झाला, डोळे तरी वाचले."

पुढे मी माझं दुरुस्तीचं दुकान काढलं. कारखान्याने ते मशीन भंगारात काढलं तेव्हा मुद्दाम उचलून आणलं. तुम्ही बसवलेल्या चिप्स एकेक काढल्या. एकीच्या खाली तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल, आणि त्याच्यापायी वाकलेला चिपचा पाय. मी तशीच तुमच्या घराकडे निघाले, तर शेजारी म्हणाले, सर मागच्याच महिन्यात गेले. इतका राग मला लेबलं लावतानाही आला नव्हता. भांडायला माणूसच ठेवला नाहीत.

म्हणून आता दर दसऱ्याला मी दुकानातल्या सगळ्यांना तो दाणा दाखवते आणि तुमची गोष्ट सांगते, नावगावासकट. सगळे पोट धरून हसतात. मला बरं वाटतं, अजूनही. हे पत्र त्या दाण्याच्या डबीखाली ठेवते आहे, टाकायचं तरी कुठे?

एक मात्र खरं. नव्या माणसाला चिप बसवायला शिकवताना मी म्हणते, दोन्ही अंगठ्यांनी, सारखा दाब. हे कोणी शिकवलं असं ते विचारतात. मी म्हणते, माझं मीच शिकले.