नीलेशच्या गाडीची उंच सीट

प्रिय चि. आनंदा यास अनेक आशीर्वाद.

मी, पुंडलिक हरी तामोरे, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी, व्यवसाय पूर्वी मासेमारी व हल्ली जाळी दुरुस्त करणे, राहणार मुरबे, तालुका व जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून देतो की पुढील सर्व मजकूर खरा आहे. अशी सुरुवात वाचून तू हसशील. एका होडीच्या तंट्यात मी पालघरच्या कोर्टात साक्ष दिली होती. तेथे माणसाने आधी आपण कोण ते सांगावयाचे आणि मगच तोंड उघडावयाचे. ही रीत मला पटली आहे.

माझ्या सुनेने, स्वातीने, तुला लग्नास नकार दिला हे मला ठाऊक आहे. त्याचे कारण आम्ही दोघे म्हातारे आहोत, हेही ठाऊक आहे. माझा पुतण्या धर्मेश याजकडून असेही कळले की तू या महिनाअखेर कंपनीच्या वापीच्या कारखान्यात बदली घेऊन जाणार आहेस. त्याविषयी मला लिहावयाचेच आहे. परंतु आधी गाडीविषयी लिहितो, कारण ते लिहिल्यावाचून पुढचे माझ्या हातून लिहिले जाणार नाही.

गाडी नीलेशची. माझा मुलगा बांध्याने माझ्यावर गेला होता, म्हणजे आखूड. स्वतःच्या पगारातून त्याने मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात बोईसरला जाऊन तिच्या सीटचा फोम तासून घेतला. “दोन्ही पाय भुईला टेकले नाय तर मला धीर नाय येत, बाबा,” असे तो म्हणे. होडीवर वाऱ्यात डोलकाठीवर चढणारा मुलगा, त्याला गाडीवर मात्र पाय टेकावयास हवे होते. काविळीने तो गेला त्याला पाच वर्षे झाली. गाडी ओसरीत ताडपत्रीखाली राहिली. दर रविवारी मी ती पुसत असे व थोडा वेळ चालू करून ठेवीत असे. चावी कोणास दिली नाही. धर्मेशने एकदा मागितली, तेव्हा त्याला असे काही बोललो की तो महिनाभर आमच्या अंगणात आला नाही.

मग स्वाती तुम्ही दोघे काम करता त्या बोईसरच्या कंपनीच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. तिला घेऊन रिक्षातून जो फिटर आला तो तू. दारातून आत येताना तुझे कपाळ चौकटीवर आपटले, आणि तूच चौकटीला हात लावून नमस्कार केलास. तू परत गेल्यावर माझी बायको येसूबाई म्हणाली, “हा मानूस हाय की शिडी? याच्या आयसनं याला लुगड्यात कसा गुंडाळला असंल?” पाच वर्षांत त्या दिवशी स्वाती प्रथम मोठ्याने हसली. हे मी ऐकले आणि ऐकले नाही असे दाखविले.

दवाखान्यात वारंवार जावे लागणार होते आणि रिक्षा वेळेवर मिळत नव्हती, म्हणून मी तुला चावी दिली. तीन अटी घातल्या. गाडी त्याच दिवशी परत आणावी, होती त्याच जागी लावावी, आणि तिच्यात काडीचाही बदल करू नये. तू मान डोलावलीस. तिसऱ्या अटीचा अर्थ काय होतो हे तेव्हा मला कळले नव्हते. तुला कळले होते.

त्या सीटवर तू बसलास की तुझे गुडघे हँडलच्या वर येत. वळण आले की एक गुडघा बाहेर काढावा लागे. बंदरावरची पोरे ओरडत, “नाकतोड्या आला रे, नाकतोड्या!” मासळी सुकविणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून म्हणत, “पुंडलिकभाऊ, तुमच्या होडग्यात उंट कोनी बसवला?” तू त्यांनाही हात करीत असस. परंतु मी पाहत होतो. तू गाडी आमच्या कुंपणाच्या अलीकडेच थांबवून उतरत असस, कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होत असस, आणि मग ती ढकलत अंगणात आणीत असस, म्हणजे मला दिसू नये. आणखी एक गोष्ट. आरसे नीलेशच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेले होते. आरसा फिरविणे हा काही बदल नव्हे. कोणीही फिरविला असता. तू फिरविला नाहीस. मागचे पाहावयाचे झाले की तू मान वाकवीत असस.

येसूबाईला राहवले नाही. “आवं, गाडी आपल्या पोराची हाय, पन गुडघे दुसऱ्याच्या पोराचे हायत. त्यांना कळा नाय येत?” मी म्हणालो, ती नीलेशची सीट आहे. ती मासे निवडीत होती. वर न पाहता म्हणाली, “नीलेशला आता बसायचं नाय हाय.” त्याच्या जाण्याविषयी इतके सरळ वाक्य आमच्या घरात आजवर कोणी उच्चारले नव्हते. मी उठून बंदरावर गेलो.

प्लास्टर निघाले, तुझे येणे थांबले, चावी खिळ्याला परत लागली. त्यानंतर तू स्वातीला विचारलेस आणि तिने नाही म्हटले. घरी येऊन ती सासूच्या मांडीवर डोके ठेवून रडली. मी पलीकडे जाळे शिवत होतो. “आई, मी गेले तर या दोघांना कोन बगेल? आनि बाबांनी ती गाडी अजून कोनाला दिली नाय. मला कशी देतील?” आनंदा, माझी सून मला गाडीच्या मापाने मोजत होती, आणि तिचे माप बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी धर्मेशला सांगितले की गाडी बोईसरला ने, सीट करावयाची आहे. तो म्हणाला, “काका, मला हात नाय लावू दिलात, आनि आता कापायला नेता?” मी म्हणालो, कापून झालेली आहे, आता वाढवावयाची आहे.

सीट बनविणारा कारागीर उत्तरेकडचा होता. त्याने विचारले, बसणारा कोठे आहे? बसणारा रागावून वापीला निघाला आहे असे परक्याला कसे सांगावे? मी खिशातून सुतळी काढून दिली. आमच्या अंगणातल्या उलट्या होडीवर बसून तू चहा पीत असस, तेव्हा तुझा गुडघा कोणत्या फळीशी येतो आणि टाच कोठे टेकते हे मी पाहून ठेवले होते. त्यावरून दोन गाठी मारल्या होत्या. त्याने सुतळी गाडीला लावून पाहिली आणि म्हणाला, “चाचा, ये आदमी का नाप है या खंभे का?” मग त्याने समजावून सांगितले की केवळ फोम चढवून भागणार नाही. मागच्या सीटचा उंचवटा बसणाऱ्याला पुढे ढकलतो, तो मागे सरकवावा लागेल. पायदान थोडे खाली आणि मागे घ्यावे लागेल, तर गुडघा उघडेल. आणि हँडल वर उचलावे लागेल, तर पाठ सरळ राहील. मी सर्वास होकार दिला.

मग त्याने जुने कव्हर उचकटले. आत नीलेशचा फोम होता, मध्यभागी दबलेला, कडांना पिवळा पडलेला. मी म्हणालो, हा खाली तसाच राहू दे, याच्यावर नवा घाल. कारागिराने अंगठ्याने तो दाबून दाखविला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. “ये मर गया है, चाचा. इसके ऊपर नया डालोगे तो नया भी बैठ जाएगा. कमर फिर दुखेगी.” धर्मेश माझ्याकडे पाहावयाचा थांबला व रस्त्याकडे पाहू लागला. मी कारागिराकडून पाते मागून घेतले आणि तो फोम माझ्या हाताने काढला. त्याबद्दल यापेक्षा अधिक लिहिणार नाही.

गाडी घरी आली. तिची परीक्षा घेण्याइतका उंच मनुष्य आमच्या वाडीत नसल्यामुळे मीच चढून बसलो. माझे दोन्ही पाय हवेत लोंबू लागले आणि धर्मेशने मागून गाडी धरली नसती तर मी कोसळलो असतो. येसूबाई हसून हसून भिंतीला टेकली. तो आवाज ऐकून स्वाती बाहेर आली. तिने सीटवरून हात फिरविला आणि विचारले, हे कोणासाठी? मी सांगितले, ज्याला ही जागा पुरत नव्हती त्याच्यासाठी.

 मग तिने तुला दिलेले कारण मलाही सांगितले. मी तिला म्हणालो, मुली, तुझे सासर मुरबे आणि तुझा संसार बोईसरला झाला तर मध्ये समुद्र नाही, रस्ता आहे. धर्मेश शेजारी आहे. राहता राहिली तुमच्या येण्याजाण्याची गोष्ट, तर ज्या गाडीवर पाठ दुखते त्या गाडीने मनुष्य फार दिवस येत नाही. म्हणून आधी सीट केली. त्यावर ती म्हणाली, “मी नाय म्हटलंय त्यांना. आता ते कशाला येतील?” हा प्रश्न तिने मला विचारला, परंतु उत्तर देण्याचा अधिकार तुझा आहे, म्हणून हे पत्र.

तेव्हा विनंती अशी. बदली घेण्यापूर्वी तुझी आई जिवलीबाई व तुमच्याकडची चार माणसे घेऊन मुरब्यास यावे आणि रीतीप्रमाणे मुलीला मागणी घालावी. स्वातीचे वडील हयात नाहीत. त्यांच्या जागी मी बसेन. तुम्ही डोंगराकडचे, आम्ही दर्याचे, यावरून आमच्या जमातीत जे बोलतील त्यांना मी उत्तर देईन; शब्द मला कमी पडत नाहीत. जावयाला अहोजाहो करण्याची आमच्याकडे रीत आहे, ती मी पाळणार नाही. तसेच गाडीबाबत घातलेल्या तिन्ही अटी मी या पत्राने रद्द करीत आहे.

तुझाच,
पुंडलिक हरी तामोरे

हे पत्र लिहिताना समक्ष हजर असलेले साक्षीदार:

येसूबाई पुंडलिक तामोरे, पत्नी. हिला सही येते, परंतु चष्मा सापडत नसल्यामुळे अंगठा दिला आहे.

धर्मेश तामोरे, पुतण्या. पत्र घेऊन हाच येत आहे. त्याला चहा द्यावा.

स्वाती नीलेश तामोरे. हिला सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. “बदली घेण्यापूर्वी” हे शब्द तिने पुन्हा वाचावयास सांगितले, ते वाचले. हरकत घेतली नाही.